शाळिग्राम गंडकीतच का?

पंचायतन पूजेतल्या दगडांची गावे ठरलेली आहेत. शिवाचा बाण नर्मदेतला, गणपतीचा तांबडा दगड शोणभद्रेतला, विष्णूचा शाळिग्राम गंडकीतला. देवीची सुवर्णमुखी आणि सूर्याचा स्फटिक यांचीही ठिकाणे सांगितलेली आहेत. यांतला शाळिग्राम बाकीच्यांहून एका बाबतीत वेगळा आहे. तो नुसता दगड नाही, एका समुद्री प्राण्याच्या कवचाभोवती घट्ट झालेला गोळा आहे. गोदावरी, कृष्णा, भीमा, नीरा या नद्यांच्या पात्रांत काळेभोर, गुळगुळीत गोटे हवे तेवढे मिळतात, पण चक्र त्यांतल्या एकातही नसते. परंपरेने याचे उत्तर तुळशीच्या शापाच्या कथेत आणि दगड पोखरणाऱ्या वज्रकीटात दिले. भूशास्त्राचे उत्तर निराळे आहे, आणि ते एकट्या शाळिग्रामापुरते नाही. एखाद्या प्रदेशात कोणते समुद्री जीवाश्म मिळणार, हे तो प्रदेश आज समुद्रापासून किती लांब आहे यावर अजिबात ठरत नाही. ते ठरते तिथला खडक केव्हा साचला यावर. हे एकदा लक्षात घेतले की भारताच्या नकाशावरच्या अनेक विसंगत वाटणाऱ्या गोष्टींची संगती लागते. हिमालयात समुद्री प्राणी का सापडतात आणि मुंबईच्या बेटावर बेडूक का सापडतात, हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत.

पूजेतला शाळिग्राम कोणी फोडत नाही, पण मुक्तिनाथाच्या परिसरात आपोआप दुभंगलेले गोळे पाहायला मिळतात. आत एकाच पातळीत वळसे घेत गेलेले कवच दिसते. बाहेरच्या वळशावर ओळीने उठलेल्या बरगड्या असतात आणि आतल्या वळशांकडे त्या बारीक, दाट होत जातात. कुठे कवच विरघळून गेलेले असते आणि काळ्या दगडात त्याचा नेमका ठसा तेवढा उरतो. कुठे पायराइटचा पिवळा लेप चकाकतो. शाळिग्रामात सोने असते ही समजूत बहुधा त्या लेपामुळेच पडली असावी. हा प्राणी म्हणजे ॲमोनाइट. कोकणात ज्याला म्हाकूल म्हणतात त्याचा तो दूरचा नातलग, मात्र अंगावर कप्प्याकप्प्यांचे कवच वागवणारा. मेल्यावर त्याचे कवच समुद्रतळाच्या काळ्या, प्राणवायू तुटपुंजा असलेल्या चिखलात रुतले. कुजण्याच्या रासायनिक क्रियेमुळे कवचालगतचा चिखल बाकीच्या चिखलाआधी आणि त्याहून जास्त कठीण झाला. पुढे सगळ्या चिखलाचा शेल नावाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक बनला. शेल ठिसूळ, गोळा टणक. म्हणून नदी शेल धुऊन नेते आणि गोळे पात्रात उरतात. हे घडले ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात, ढोबळमानाने १६ ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी, टेथिस समुद्राच्या तळाशी. भारताची भूमी उत्तरेला सरकत आशियाला भिडली तेव्हा तो तळ वर उचलला गेला. गंडकीला हे गोळे मिळतात कारण ती नेमका हाच काळा शेल कापत येते.

हा काळा शेल गंडकीच्या वरच्या खोऱ्यापासून पश्चिमेला हिमाचल प्रदेशातल्या स्पितीपर्यंत ओळखू येतो आणि शास्त्रात तो स्पितीच्याच नावाने प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. जेरार्ड यांनी तिथून जीवाश्म आणले होते, पण थरांचा क्रम नीट लावला तो फर्डिनंड स्टोलिच्का यांनी. मोराव्हियात जन्मलेला हा तरुण १८६२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला आणि १८६४ व १८६५ च्या उन्हाळ्यांत त्याने स्पिती पालथी घातली. यार्कंदच्या मोहिमेवरून परतताना १८७४ मध्ये लडाखमध्ये तो वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ३६ होते. त्याची समाधी लेहमध्ये आहे. बारा वर्षांच्या नोकरीत या माणसाने स्पिती, कच्छ आणि तमिळनाडू अशा तिन्ही ठिकाणच्या प्राचीन समुद्रांचा हिशेब मांडला. भारताच्या भूशास्त्राच्या इतिहासात इतक्या थोड्या काळात एवढे काम उभे करणारी माणसे फार थोडी, आणि मराठी वाचकाला त्याचे नावही ठाऊक नसावे याचे वाईट वाटते. स्पितीच्या काळ्या शेलमधल्या जीवांचे सविस्तर वर्णन पुढे व्हिक्टर ऊलिग यांनी १९०३ ते १९१० या काळात प्रसिद्ध केले.

स्पितीचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. तिथे शेलच्या खाली आणि वरही समुद्रात साचलेले खडक आहेत, आणि प्रत्येकातली वस्ती वेगळी आहे. सगळ्यात खाली, पराहिओच्या खोऱ्यात, पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन खडकांत ट्रायलोबाइट नावाचे समुद्री प्राणी मिळतात. वर पर्मियन काळाच्या थरांत दोन झडपांचे ब्रॅकिओपॉड दाटीने आहेत. त्यावर ट्रायासिक काळाचे चुनखडीचे जाड थर येतात, त्यांत ॲमोनाइटांचे पूर्वीचे भाऊबंद आहेत. मग काळा शेल, आणि माथ्यावर क्रिटेशियस काळाची चुनखडी. ट्रायलोबाइट पर्मियनच्या शेवटी, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, जगातून नाहीसे झाले. त्यामुळे ज्या थरात शाळिग्राम आहे त्यात ट्रायलोबाइट सापडणे अशक्य, मग समुद्र तोच असो आणि चिखलही तसाच असो. एव्हरेस्टचे शिखरही समुद्री चुनखडीचे आहे, पण ती ऑर्डोव्हिशियन काळातली असल्यामुळे तिच्यात ट्रायलोबाइटांचे तुकडे आणि समुद्री कमळांची देठे मिळतात, शाळिग्राम मिळत नाही. हिमालय म्हटला की ॲमोनाइट, असे समीकरण मांडणे म्हणूनच चुकीचे आहे. हिमालयाचा कोणता थर, हा खरा प्रश्न.

आता याच्या अगदी उलट टोकाला, मुंबईत येऊ. मुंबई समुद्रातच वसली आहे. तिथल्या खडकात समुद्री जीवाश्म असायला हवेत असे कोणालाही वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेला गाळाचा खडक उघडा पडला आणि त्यात लहानशा बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले; आज ती जात इंडोबॅट्राकस या नावाने ओळखली जाते. त्याच थरांतून गोड्या पाण्यातले कासव मिळाले. मुंबईत डॉक्टर असलेले हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर लिहिले तेव्हा त्यांच्यापुढे हा सगळा गोड्या पाण्याचा पुरावा होता. तिकडे नागपुरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी टाकळी आणि आसपासच्या परिसरातून फायसा नावाच्या तळ्यातल्या गोगलगाई, फळे, बिया, माशांचे खवले गोळा केले आणि १८५५ मध्ये त्यांचा लेख लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे हिस्लॉप. वरळी आणि नागपूर यांत सुमारे सातशे किलोमीटरचे अंतर, एक समुद्रात आणि एक देशाच्या मध्यावर. तरी दोन्हीकडे कहाणी एकच, तळी आणि डबकी. कारण दोन्हीकडचा खडक एकाच घटनेचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीवर लाव्हा पसरत होता, दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचत होती, पुढच्या लाव्हाने ती गाडली जात होती. आजचा अरबी समुद्र मुंबईला येऊन भिडला तो त्यानंतर. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले चिकटून झालेला जो खडक काही ठिकाणी दिसतो तो अगदी अलीकडचा, आणि त्यातले शिंपले आजही जिवंत असलेल्या जातींचे आहेत. मुंबईत याहून जुने समुद्री कवच पाहायचे असेल तर ते एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींच्या भिंतींत पाहावे. तिथे वापरलेला पोरबंदरी दगड सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांनी भरलेला असतो, पण तो सौराष्ट्रातून आला, इथल्या जमिनीतून नव्हे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. लाव्हा वाहत होता त्या काळाच्या सुरुवातीला जगाच्या समुद्रांत ॲमोनाइट जिवंत होते. म्हणजे वयाचा विचार करता महाराष्ट्राच्या खडकात ॲमोनाइट सापडायला हरकत नव्हती. तरी ते नाहीत. मग वय निर्णायक कसे? आक्षेप बरोबर आहे आणि त्याने मूळ विधानाला धार येते. वय फक्त यादी देते: त्या काळात कोण जिवंत होते आणि कोण नव्हते. त्या यादीतले कोण या ठिकाणी पुरले गेले हे त्या वेळी तिथे समुद्र होता की जमीन, पाणी खोल होते की उथळ, आणि तो गाळ पुढे टिकला की झिजून गेला, यावर ठरते. याचा दाखला आपल्या गोदावरीनेच दिला आहे. ती सह्याद्रीतल्या ज्या लाव्हाच्या खडकातून उगम पावते, त्याच लाव्हाचे प्रवाह खाली आंध्रात राजमहेंद्रीजवळ तिच्या दोन्ही काठांना दिसतात. नाशिकला त्या खडकांत समुद्राचा मागमूस नाही, पण राजमहेंद्रीला लाव्हाच्या खाली टरिटेलासारख्या लांब, टोकदार समुद्री शंखांचे थर आहेत, आणि मधल्या थरांत खाडीतले जीव आहेत. लाव्हाचे प्रवाह तिथे तेव्हाच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते. वय तेच, परिसर वेगळा, म्हणून जीवाश्म वेगळे.

पण आक्षेप घेणारा पुढे म्हणेल की मग परिसरच महत्त्वाचा, वय दुय्यम. याचे उत्तर तमिळनाडूतल्या अरियलूरने दिले आहे. १८४० च्या दशकात के आणि कनलिफ यांनी पुदुच्चेरी आणि तिरुचिरापल्लीच्या भागातून जीवाश्म गोळा केले. के आणि कनलिफ यांच्या संग्रहाचे वर्णन एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ मध्ये केले. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी नंतर त्या भागाचा नकाशा तयार केला आणि उत्तत्तूर, तिरुचिरापल्ली, अरियलूर अशी थरांची विभागणी लावली. त्यातल्या जीवांचे खंडच्या खंड पुन्हा स्टोलिच्काने लिहिले. कारईच्या उघड्याबोडक्या, पावसाने घळी पडलेल्या मातीत जिप्समच्या चकाकत्या पट्ट्यांबरोबर ॲमोनाइट आणि गोळीच्या आकाराचे बेलेम्नाइट मिळतात. अरियलूरची सिमेंटसाठी खणली जाणारी चुनखडी तर कालवांच्या थरांनीच बनली आहे. हे सगळे क्रिटेशियस. या साऱ्यावर निनियूरचे थर आहेत. तेही समुद्राचेच, तेही चुन्याचे. त्यांत नॉटिलस आहे, म्हणजे कप्प्यांचे कवच असलेले प्राणी राहू शकतील असे पाणी तिथे होते. ॲमोनाइट मात्र एकही नाही. निनियूरचे थर क्रिटेशियस संपल्यानंतरचे आहेत, आणि तोवर जगातले ॲमोनाइट संपले होते. इथे परिसर जवळपास तोच राहिला आणि फक्त काळ बदलला. राजमहेंद्री आणि अरियलूर ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की कोणाचा अधिकार कुठवर आहे ते कळते: परिसर यादीतली नावे गाळू शकतो, यादीत नसलेले नाव घालू शकत नाही. घालण्याचा अधिकार फक्त काळाला आहे.

ही दोन्ही सूत्रे एकाच जिल्ह्यात पाहायची असतील तर कच्छला पर्याय नाही. मुंबई इलाख्याच्या इंजिनीअर दलातले कॅप्टन ग्रँट यांनी कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला, त्यावरचा त्यांचा निबंध १८४० मध्ये लंडनमध्ये छापला गेला आणि त्यातल्या जीवाश्मांचे वर्णन जेम्स द कार्ल सोवर्बी यांनी केले. १८७० च्या आसपास स्टोलिच्काने कच्छच्या ज्युरासिक थरांची पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया अशी वाटणी केली. दीडशे वर्षांनंतर नावे सुधारली, सीमा हलल्या, पण त्या वाटणीचा सांगाडा टिकून आहे. विल्यम वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात इथल्या ॲमोनाइटांवर ग्रंथ लिहिला, आणि एल. एफ. स्पाथ यांनी १९२७ पासून त्याची फेरतपासणी प्रसिद्ध केली. वागेन यांच्या कामातून जे दिसले ते त्या काळी थक्क करणारे होते. चारीच्या खालच्या भागात मॅक्रोसेफॅलाइटिस नावाचा फुगीर, जाडजूड ॲमोनाइट मिळतो. युरोपातल्या ज्युरासिक थरांतही तो एका ठरलेल्या पातळीवरच मिळतो. त्याच्या मागे-पुढे येणाऱ्या जातींचा क्रमही दोन्हीकडे पुष्कळसा जुळतो. हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन समुद्रांत तेच प्राणी त्याच क्रमाने यावेत, याचा अर्थ क्रम त्या जागांचा नव्हता, काळाचा होता. इंग्लंडमध्ये कालवे खोदताना विल्यम स्मिथला जे उमगले आणि ज्यावर त्याने १८१५ चा आपला नकाशा उभारला, त्याची एवढ्या लांबची कसोटी कच्छमध्ये लागली.

कच्छचा दुसरा धडा त्याहून बोलका आहे. मध्यभागातल्या डोंगरांतून नैर्ऋत्येला, लखपतच्या बाजूला चालत गेले की खडक एकामागून एक नवे होत जातात. आधी ॲमोनाइटांचे ज्युरासिक थर, मग वनस्पतींचे ठसे असलेला भुजचा वालुकाश्म, मग दख्खनचाच काळा लाव्हा, आणि लाव्हा ओलांडला की पुन्हा समुद्र. हा नवा समुद्र पाहिला की जुन्याशी त्याचे काही नाते आहे असे वाटतही नाही. इथे ॲमोनाइट औषधालाही नाही. इथे नुम्युलाइट आहेत: एकाच पेशीच्या जीवाची नाण्याएवढी चपटी कवचे, जागोजाग जमिनीवर विखुरलेली, आडवे फुटले तर आत नाजूक कप्प्यांची गुंडाळी दाखवणारी. गिझाच्या पिरॅमिडचा चुनखडक याच जीवांनी भरलेला आहे, कारण तोही याच इओसीन काळातला. याच थरांत आद्य देवमाशांची हाडे आहेत. अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी मिश्रा यांनी १९७० च्या दशकात ती उजेडात आणली. त्या देवमाशांचे वय सुमारे साडेचार कोटी वर्षे. लाव्हाच्या खाली मात्र देवमासा कधीच मिळालेला नाही. तिथे भुजजवळच्या लोडाईला मिळाला तो इक्थिओसॉर: माशाच्या आकाराचा, साडेपाच मीटर लांबीचा सरीसृप, वय सुमारे १५ कोटी २० लाख वर्षे. दिल्ली विद्यापीठाच्या गुंटुपल्ली प्रसाद यांच्या गटाने २०१७ मध्ये तो जगापुढे आणला. दोघेही समुद्रात राहणारे, हवेत श्वास घेणारे, मोठे शिकारी. एकच जिल्हा, दोन समुद्र, मध्ये लाव्हा. आणि दोन्ही समुद्रांतली मंडळी एकमेकांना कधी भेटली नाहीत. या एका वाटेवर जे दिसते ते पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा अधिक पटणारे आहे असे माझे मत आहे.

यावर नेहमीचा आणि गंभीर आक्षेप असा की हा वर्तुळात फिरणारा युक्तिवाद आहे. खडकाचे वय जीवाश्मावरून ठरवायचे आणि जीवाश्माचे वय खडकावरून. मग दोघांचे जुळले यात नवल ते काय? या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले ऐतिहासिक: थरांचा क्रम आधी लागला तो जीवाश्मांमुळे नव्हे, कोणता थर कोणाच्या खाली आहे हे डोळ्यांनी पाहून. कच्छमध्ये लाव्हा नुम्युलाइटच्या खाली आहे आणि ॲमोनाइटच्या वर आहे, हे समजायला प्राणिशास्त्र लागत नाही. दुसरे उत्तर विसाव्या शतकाने दिले. लाव्हाचे वय त्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढता येते आणि त्यात जीवाश्मांचा काहीही संबंध येत नाही. १९८० च्या दशकात आर्गॉनच्या पद्धतीने दख्खनच्या लाव्हाचे वय साडेसहा कोटींच्या आसपास आले. २०१५ मध्ये पश्चिम घाटातल्या लाव्हाच्या थरांमधून मिळालेल्या झिर्कॉनच्या सूक्ष्म स्फटिकांवरून ते ६ कोटी ६० लाखांच्या अगदी जवळ आणून ठेवले गेले. हा आकडा येण्याच्या शंभर वर्षे आधी भूशास्त्रज्ञांनी नुसत्या कवचांवरून सांगितले होते की लाव्हाच्या खालचे थर मध्यजीव महाकल्पाचे आणि वरचे नवजीवचे. दोन स्वतंत्र घड्याळे एकच वेळ दाखवू लागली, तेव्हा वर्तुळाचा आरोप उरत नाही. डोंगरावर शंख सापडतात म्हणजे एकदा जलप्रलय झाला असावा, ही जुनी कल्पना तर स्पितीतल्या क्रमानेच निकालात निघते. एकाच पुराने सगळे वाहून आणले असते तर ट्रायलोबाइट आणि शाळिग्राम एकत्र कालवले गेले असते. पन्नास कोटींपासून वर एकाही थरात तशी सरमिसळ नाही.

सरमिसळ होते ती माणसाच्या हाताने. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी नेचर या नियतकालिकात एक प्रकरण उघड केले. भारतातल्या एका प्राध्यापकाने जवळपास पंचवीस वर्षे हिमालयातल्या जीवाश्मांवर शेकडो लेख लिहिले होते, आणि त्यांत हिमालयातले म्हणून दाखवलेले काही नमुने प्रत्यक्षात मोरोक्कोच्या बाजारात मिळणाऱ्या ॲमोनाइटसदृश जीवांचे आणि न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्यावरच्या जीवाश्मांचे होते. संशय कशामुळे आला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ज्या थरांतून ते मिळाल्याचे सांगितले होते तिथे दुसऱ्या कोणालाही तसे काही मिळत नव्हते, आणि एकाच ठिकाणच्या म्हणून दाखवलेल्या जीवांचे वय आपसात जुळत नव्हते. वय आणि ठिकाण यांचा मेळ हा नियम नसता, तर ही लबाडी पकडायला काही साधनच नव्हते. झालेले नुकसान मात्र मोठे आहे. हिमालयाच्या भूशास्त्रावरच्या त्या काळातल्या कित्येक लेखांकडे आजही संशयाने पाहावे लागते.

महाराष्ट्रात प्राचीन समुद्राचा थर कधीच मिळणार नाही, असे या सगळ्यावरून म्हणायचे का? तसे म्हणता येणार नाही. चंद्रपूर, उमरेडच्या कोळशाच्या पट्ट्यात ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीची पाने मिळतात, म्हणजे दलदल आणि नद्या. पण हा कोळसा साचला त्याच गोंडवन काळात समुद्राची एक जीभ काही वेळापुरती मध्य भारतात शिरली होती. मध्य प्रदेशातल्या उमरियाला १९२१ मध्ये आणि छत्तीसगडमधल्या मनेंद्रगडला १९५४ मध्ये तिचे पातळ थर सापडले. मनेंद्रगडला हसदेव नदीच्या काठी आता जीवाश्म उद्यान आहे. लाव्हाच्या काळाबद्दलही तसेच. २००९ मध्ये नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिली इथे, लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या थरात, समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म फोरामिनिफेरांची कवचे मिळाल्याचे गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले. ती क्रिटेशियस संपल्यानंतर लगेचच्या काळातली आहेत. असा थर उद्या विदर्भात मिळाला तर त्यात काय असेल आणि काय नसेल हे आजच सांगता येते. झिलमिलीच्या वयाचा असेल तर सूक्ष्म फोरामिनिफेरा असतील, ॲमोनाइट नसेल. कोळशाच्या वयाचा असेल तर मनेंद्रगडसारखे जाड शिंपले आणि ब्रॅकिओपॉड असतील, फोरामिनिफेरांच्या त्या जाती नसतील. देवमासा दोन्हीत नसेल. खोदण्यापूर्वी असे बोलण्याची हिंमत हा नियम देतो, आणि तो खोटा ठरायचा असेल तर असाच एखादा थर तो खोटा ठरवील.

त्यासाठी थर जागेवर राहिले पाहिजेत. भारतात जीवाश्मस्थळांच्या रक्षणासाठी केंद्राने २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला, पण मसुद्याने टेकडी वाचत नाही. कच्छमधल्या, अरियलूरच्या थरांतून ॲमोनाइट उचलून नेणे सोपे आहे, आणि उचलला की तो कोणत्या थरातला हे सांगणारे कोणी उरत नाही. मग तो कितीही सुंदर असला तरी त्याच्यावरून काहीच सिद्ध करता येत नाही. कच्छला फिरायला जाणाऱ्यांना म्हणून विनंती आहे: जमिनीवरचा ॲमोनाइट पाहा, त्याचा फोटो काढा, तो कोणत्या खडकातून निघाला ते वर-खाली निरखून बघा, आणि तिथेच ठेवा. ज्यांच्या घरी, शाळेत किंवा महाविद्यालयाच्या कपाटात असे नमुने आधीच पडून आहेत, त्यांनी ते आणणाऱ्याला आठवत असेल तोवर गावाचे नाव, टेकडी आणि थर लिहून एक चिठ्ठी त्यांच्याबरोबर ठेवावी.